वाघोलीतली तीन फुटी टाकी: पाण्यापासून सुरू केलेली सिक्लिडची निवड

ताईचा फोन आला तेव्हा घरात टाकी येऊन अकरा दिवस झाले होते आणि नऊपैकी चार मासे मेले होते. "अरे, तू ये आणि काय ते बघ. पोरगं रोज सकाळी उठून आधी टाकीशी जातं आणि रडत परत येतं." भाचा आठवीत आहे. दिवाळीत मिळालेल्या पैशांतून त्याने मासे घेतले होते आणि टाकी भावोजींनी घेऊन दिली होती.

मी कोथरूडहून वाघोलीला पोहोचलो तेव्हा चित्र असं होतं. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे तीन घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावतं, त्या हिशोबाने ८५ लिटर. त्यात एक ऑस्कर, दोन एंजल, एक ब्लड पॅरट, एक सकर आणि दुकानात "आफ्रिकन मिक्स" म्हणून एका पिशवीत दिलेले चार मासे सोडले होते. सकर सोडला तर हे सगळे सिक्लिड नावाच्या एकाच मोठ्या कुळातले. पॅरट, एक एंजल आणि दोन आफ्रिकन गेले होते. उरलेला एंजल हीटरच्या मागच्या कोपऱ्यात तोंड वर करून उभा होता. त्याच्या शेपटीच्या कडेचे लांब तंतू तुटले होते आणि कल्ले भराभर हलत होते. बोटाच्या दोन पेरांएवढा एक पिवळा, काळ्या आडव्या पट्ट्यांचा मासा प्लास्टिकच्या किल्ल्यातून बाहेर यायचा, एंजलला ढुशी द्यायचा आणि परत आत जायचा. दहा मिनिटांत मी तसं सात वेळा पाहिलं.

"मामा, तो एवढासा आहे, तरी तोच सगळ्यांना मारतो," भाचा म्हणाला. त्याचं निरीक्षण अचूक होतं. तो ऑराटस होता, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला मासा. त्याच्या आकाराच्या माशांत त्याच्याइतका भांडखोर क्वचितच सापडतो.

पण चार मासे एकट्या ऑराटसने मारले नव्हते. सोबत नेलेल्या किटने पाणी तपासलं, तर माशांच्या घाणीतून बनणारा अमोनिया २ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दोन भाग, निघाला. नवीन टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू तयार झालेले नसतात. त्यांची वाढ व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि इथे तर पहिल्याच दिवशी नऊ मासे आत होते. त्यात पाण्याचा पीएच ८. अमोनियाचा विषारी भाग पीएचप्रमाणे बदलतो. पीएच ७ असेल तर २५-२६ अंशाला एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तो पाच-सहा टक्के होतो, म्हणजे सुमारे दहापट. त्यामुळे माझ्या घरच्या टाकीत जी चूक चार दिवस खपून गेली असती, ती इथे दोन दिवसांत जिवावर बेतली.

त्या दिवशी आम्ही वीस लिटरची एक बादली पाणी काढून तेवढंच भरलं, खाणं बंद केलं आणि ऑराटसला पाण्यात ठेवलेल्या जाळीच्या डब्यात एकटं टाकलं. त्यानंतर आठवडाभर रोज पाव टाकी पाणी बदललं. पुढे एकही मासा दगावला नाही.

नळाला येतं ते पाणी

स्वयंपाकघरात चहा पिताना माझं लक्ष नळाकडे गेलं. तोटीभोवती पांढरा, खरखरीत थर. ताईची ही जुनी तक्रार आहे. गिझरची कॉइल दोन वर्षांत गेली, केस चरबट होतात, स्टीलच्या भांड्यांवर डाग राहतात. सोसायटीला बोअरचं पाणी आहे आणि उन्हाळ्यात त्यात टँकरचं मिसळतं. आरओवाल्याने मागच्या खेपेला मीटर लावून टीडीएस ६४० सांगितला होता. माझ्या थेंबांच्या किटने सामान्य कठीणपणा १५ अंश आणि कार्बोनेटचा ११ अंश दाखवला. माझ्याकडे महापालिकेचं पाणी येतं, तिथे हेच आकडे ४ आणि ३ असतात. खडकवासल्याचं पाणी पावसाचं, साठवलेलं. बोअरचं पाणी मात्र काळ्या कातळाच्या भेगांतून झिरपत, क्षार गोळा करत आलेलं असतं.

सिक्लिड पाळू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हीच एक गोष्ट सांगत आलोय. आपण आधी काच विकत घेतो, मग आवडलेला मासा, आणि पाणी कसं आहे हे तो मेल्यावर बघतो. हा क्रम उलटा करायला हवा. काच बदलता येते, मासा बदलता येतो. नळाचं पाणी दर आठवड्याला, वर्षानुवर्षं, तेच येणार असतं. औषध टाकून पीएच खाली आणता येतो हे खरं, पण कार्बोनेट ११ अंश असलेल्या पाण्यात तो दुसऱ्या दिवशी परत वर येतो, आणि हा वरखाली होणारा पीएच माशाला स्थिर ८ पेक्षा कितीतरी जास्त बाधतो.

ताईला म्हटलं, "तुझं पाणी मस्त आहे." तिला ती थट्टा वाटली. पण सिक्लिडच्या कुळातले शेकडो मासे नेमक्या अशाच पाण्यात उत्क्रांत झाले आहेत. मलावी सरोवराचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ च्या दरम्यान असतो, टांगानिकाचा त्याहून थोडा वर. उलट ऑस्कर, एंजल, डिस्कस, रॅम ही दक्षिण अमेरिकेतल्या, बहुतेक मऊ पाण्याच्या नद्यांची मंडळी. भाच्याच्या टाकीत दोन खंडांचे मासे आणि वर माणसाने संकर करून बनवलेला पॅरट असे एकत्र कोंबले होते. कुळ एक असलं, तरी त्यांचं पाणी, खाणं आणि भांडायची रीत यांतलं काहीच जुळत नव्हतं.

सिक्लिड हे नाव परकं वाटतं म्हणून जाता जाता एक सांगतो. भिगवणला उजनीची चिलापी खाल्ली असेल तर सिक्लिड आपल्या ओळखीचा आहे. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणलेली. गोव्यातली कालुंदर तर आपल्याच किनाऱ्याची, खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातली सिक्लिड. भाच्याला हे सांगितल्यावर त्याने पहिला प्रश्न केला, "मग चिलापी पाळता येईल?" येईल, पण फूटभर वाढेल आणि टाकीतलं सगळं उकरून ठेवेल.

काय ठेवायचं

आम्ही चौघं बसलो. भावोजींनी सांगितलं की पंधरा हजारांच्या वर एक रुपया देणार नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. एकदा पैसे पाण्यात गेले होते. ताईची अट, आठवड्याला एकापेक्षा जास्त दिवस टाकीसाठी द्यावा लागू नये. भाच्याला रंग हवा होता, आणि सोफ्यावर बसून दिसेल अशी हालचाल.

ऑस्करचा निर्णय पहिला झाला. दुकानातून आणलेला तो दोन इंचांचा होता. चांगलं खायला मिळालं तर वर्षाच्या आत आठ-दहा इंच होतो आणि पूर्ण वाढ फूटभर. एकट्या ऑस्करलाही तीनशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. अंगठ्याएवढा ऑस्कर विकताना हे कुणी सांगत नाही, आणि विकत घेणाऱ्याला विचारावंसं सुचत नाही. एका ओळखीच्यांकडे सहा फुटी टाकी आहे, तिथे ऑस्कर आणि सकर दोघंही गेले. सकरसुद्धा फुटाच्या वर जातो. भावोजी सहज म्हणाले होते, "नदीत सोडून देऊ." तेवढं करू नका म्हणून मी हात जोडले. सोडून दिलेले सकर देशातल्या कितीतरी तळ्यांत आणि नद्यांत पसरले आहेत आणि कोळ्यांची जाळी फाडत आहेत.

एंजल मी माझ्याकडे घेऊन आलो. बाजारातले एंजल पिढ्यान्‌पिढ्या शेततळ्यात आणि टाक्यांत वाढलेले असतात, त्यामुळे थोड्या कठीण पाण्यातही तग धरतात. रॅम धरत नाही. रॅमसाठी आरओचं पाणी मिसळावं लागलं असतं, आणि घरातला आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत माशांसाठी ते करणं मला पटत नाही.

माझं स्वतःचं मन शंखवासी माशांवर होतं. टांगानिकातला मल्टिफॅसिएटस जेमतेम दीड-दोन इंचांचा. रिकाम्या शंखात राहतो, वाळू उकरून शंख बरोबर हवा तसा पुरतो, आणि त्याचं सगळं खानदान हातभर जागेत नांदतं. जुनी दोन फुटी टाकी त्यांना पुरली असती, नवीन काचेचा खर्चच नव्हता. शंखही मी भातखाचरातल्या मोठ्या गोगलगायींचे उकळून देणार होतो. पण ते मासे मागवावे लागतात, जोडीला बरेच पैसे पडतात, आणि रंग राखाडी. भाच्याने फोनवर चित्रफीत पाहिली आणि तोंडदेखलं "छान आहेत" म्हणाला. तेरा वर्षांच्या मुलाला रोज ज्याच्यासमोर बसायचं आहे ते त्याला आवडलंच पाहिजे. मी आग्रह सोडला.

उरले मलावीचे म्बुना, म्हणजे सरोवराकाठच्या खडकांतले मासे. रंगाला तोड नाही, पाणी जुळतं, आणि गल्लीतल्या दुकानातही मिळतात. अडचण एकच, स्वभाव. इथे नाव पाहून निवड करावी लागते. ऑराटस नको. केनयी नको, आफ्रिकन मिक्समधला उरलेला दुसरा मासा तोच होता. त्याची मादी निळी आणि मोठा झालेला नर पिवळा असतो. डेमासोनी देखणा, पण एकमेकांना मारतो म्हणून डझनाच्या वर ठेवावा लागतो. एसाय शांत, पण सहा इंचांपर्यंत जातो, त्याला चार फुटी टाकी हवी.

आम्ही यलो लॅब निवडला. पूर्ण वाढ चार इंच, लिंबासारखा पिवळा, पाठीच्या परावर काळी रेघ. म्बुनांत सर्वांत सोशिक म्हणावा असा. याचं शास्त्रीय नाव लॅबिडोक्रोमिस सेरुलियस. सेरुलियस म्हणजे निळा. १९५६ मध्ये नाव दिलं गेलं ते फिकट निळसर-पांढऱ्या माशांवरून. आज घरोघरी दिसणारा पिवळा रंग सरोवराच्या पश्चिम किनाऱ्यावर लायन्स कोव्हच्या परिसरातला.

सोबतीला रस्टी. तांबूस अंगावर जांभळी झाक, आकार तेवढाच, स्वभाव तितकाच निवळ. दोघांचा रंग वेगळा असणं फार महत्त्वाचं, कारण म्बुनाचा नर स्वतःच्या रंगासारखा दिसणाऱ्यालाच प्रतिस्पर्धी समजतो. रेड झेब्रा दुकानात स्वस्त होता, भाच्याला केशरी रंग आवडलाही होता. पण लॅब आणि रेड झेब्रा सहज संकर करतात, आणि ती पिल्लं पुढे "यलो लॅब" म्हणूनच विकली जातात. त्याचा फटका आम्हालाही बसणार होता.

दोनच जाती, सोळा मासे. सोळा ऐकून ताई दचकली, कारण नवांचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. म्बुना चार-पाच ठेवले तर बलवान नर एकाच्या मागे लागून त्याला संपवतो. संख्या वाढली की त्याचा राग वाटला जातो. फक्त त्या संख्येला पेलेल असा फिल्टर लागतो.

काच आणि हिशोब

दुकानदाराने सुचवलेली टाकी अडीच फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन फूट उंच होती. "शोसाठी उंचच घ्या." आकडे मांडून पाहिले. तिच्यात पाणी पाच घनफूट, पण तळ अडीच चौरस फूट. म्बुना खडकाशी हद्द आखतो, त्यामुळे त्याची जमीन म्हणजे तळ. वरचं दीड फूट पाणी त्याला फारसं उपयोगाचं नाही. शिवाय काचेवरचा दाब उंचीने वाढतो, म्हणून उंच टाकीला काच जाड लागते आणि पैसे जास्त.

हॉलमध्ये दार आणि स्विचबोर्डच्या मध्ये भिंत होती तीन फूट चार इंच. चार फुटी टाकी तिथेच बाद झाली. आम्ही तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच ठरवली. तळ साडेचार चौरस फूट, आकाराने १९१ लिटर. काठापासून दोन इंच खाली पाणी धरलं, दगड आणि वाळूची जागा वजा केली, तर हाती खरं पाणी दीडशे लिटर राहतं. औषधाची मात्रा या दीडशेवर काढायची.

वजनाची भीती भावोजींना होती. ८ मिलीमीटर काचेची ही टाकी रिकामी ३३ किलोच्या आसपास, पाणी दीडशे, दगड ३५, वाळू आणि स्टँड मिळून पावणेतीनशे किलोच्या आत. म्हणून ती खोलीच्या मध्ये न ठेवता तुळईच्या बाजूला, भिंतीला लागून ठेवली.

काचवाल्याकडून मापाने बनवून घेतली, ५,२०० रुपये. तयार टाकीपेक्षा स्वस्त पडली, फक्त सिलिकॉन वाळायला आठवडा थांबावं लागलं. लोखंडी स्टँड वेल्डिंगवाल्याने ३,००० ला केला. झाकण आणि दिवा १,४००, आत बसणारा पॉवर फिल्टर १,१००, दोन स्पंज फिल्टर आणि एअर पंप ९००, दोनशे वॅटचा हीटर ७५०, वाळू ४००. नऊ लॅब प्रत्येकी १२० ला, सात रस्टी प्रत्येकी १६० ला. एकूण १४,९५०. दगड फुकट, शेजारच्या बांधकामावरचा काळा पाषाण. टाकीत जाणाऱ्या प्रत्येक दगडावर आधी व्हिनेगरचे थेंब टाकून बघावं. फेस आला तर त्यात चुना आहे. या पाण्यात त्याने बिघडलं नसतं, पण मऊ पाण्यात बिघडतं.

स्पंज दोन घेतले याचं कारण वीज जाणं. पॉवर फिल्टर थांबला की त्याच्या बंद डब्यातले जिवाणू काही तासांत गुदमरायला लागतात. स्पंज उघडा असतो, आणि बॅटरीवरचा छोटा पंप त्याला जोडता येतो. विजेचा खर्च महिन्याला पंचवीस-सव्वीस युनिट, थंडीत हीटरमुळे जवळजवळ तिप्पट.

दगड लावायला अख्खी दुपार गेली. मोठे दगड थर्माकोलच्या तुकड्यावर थेट तळाशी ठेवले आणि वाळू नंतर ओतली. लोक वाळूवर दगड रचतात. म्बुना रात्रभर खालची वाळू उपसतो आणि एक दिवस दगड काचेवर येतो. भाच्याने प्रत्येक दगड हलवून पाहिला, जो डुगडुगला तो परत लावला.

नवे स्पंज टाकी तयार होईपर्यंत तीन आठवडे माझ्या चालू टाकीत चालवले होते, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यांत बसावेत. ते पिशवीत ओलेच आणून बसवले. मग मासे न सोडता, जिवाणू जगावेत म्हणून रोज चिमूटभर खाणं टाकत गेलो. नवव्या दिवशी अमोनिया आणि त्यापासून पुढे बनणारं नायट्राइट दोन्ही शून्य. हे नऊ दिवस भाच्याने रिकाम्या टाकीसमोर बसून काढले, त्याचं मला खरंच कौतुक वाटतं.

नंतरचे महिने

आधी रस्टी सोडले, अडीच आठवड्यांनी लॅब. लॅब सोडायच्या आधी दगडांची जागा बदलली, म्हणजे रस्टींनी आखलेल्या हद्दी मोडल्या आणि सगळे सारखेच नवखे झाले. खाणं स्पिरुलिनाचं, म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळाचं, दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल एवढंच. आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात बुडवून काढलेलं पालकाचं पान. ऑस्करचा उरलेला डबा आणि सुके किडे मी सोबत घेऊन आलो. मांसाहारी खाण्याने म्बुनांचं पोट फुगतं आणि त्यातून ते सहसा वाचत नाहीत.

रविवारी ४५ लिटर पाणी बदलायचं. काढलेलं पाणी गॅलरीतल्या झाडांना जातं. टँकर असेल तेव्हा क्लोरीन घालवायला हायपोचे दोन खडे. ताईचा एकूण पाऊण तास जातो.

तिसऱ्या महिन्यात एक लॅब वेगळा दिसायला लागला. अंगावर पुसट उभे पट्टे, पोटाकडे नारिंगी झाक, बाकीच्यांपेक्षा अंगाने थोराड. त्याने डाव्या बाजूची मोठी कपार घेतली आणि दोन लॅबचे पर फाडले. तो झेब्राचा संकर होता. दीड इंचाचे मासे घेताना मी पाठीची काळी रेघ नऊही माशांवर तपासायला हवी होती, घाईत पिशवीतच वरवर पाहिलं. त्याला काढून दुकानात परत दिला, पैसे मिळाले नाहीत. त्यानंतर आठवडाभरात टाकी शांत झाली.

मार्चमध्ये भाच्याचा फोन. "मामा, एक लॅब जेवत नाही. तोंडात काहीतरी धरलंय. आजारी आहे का?" मी त्याला टॉर्च बाजूने धरायला सांगितला आणि व्हिडिओ मागवला. हनुवटीखालची पिशवी फुगलेली होती आणि ती मादी दर काही सेकंदांनी तोंडातलं सगळं घोळवत होती. अंडी. म्बुनाची मादी अंडी आणि मग पिल्लं तीन आठवड्यांच्या आसपास तोंडात सांभाळते आणि तेवढे दिवस जवळपास काहीच खात नाही. आपल्या चिलापीची मादीही हेच करते.

ताईने फोन घेतला. "म्हणजे तीन आठवडे उपाशी राहणार ती?"

"हो."

तिने कॅलेंडरवर खूण केली. अडगळीत टाकायला काढलेली दोन फुटी टाकी परत धुतली, मोठ्या टाकीतलंच पाणी भरलं आणि एक जुना स्पंज त्यात लावला. अठराव्या रात्री दिवे बंद करून भाच्याने मादीला जाळीने न धरता मोठ्या वाडग्यात घेऊन तिकडे नेलं. जाळीत दचकली तर ती अंडी थुंकते.

बाविसाव्या दिवशी संध्याकाळी ताईचाच फोन होता. मादी वाळून गेली होती, डोकं मोठं आणि पोट खपाटीला. तिने तळाशी, दगडाच्या आडोशाला तोंड उघडलं होतं, आणि ताई फोनवरच मोजत होती. अकरा, बारा, थांब, तो परत आत गेला.